जंताच्या औषधानं कुत्रा आजारी पडतो तेव्हा

जंताची गोळी दिल्यावर कुत्र्याचं तोंड सुजलं, त्याला उलट्या झाल्या किंवा तो झोकांड्या खायला लागला, की घरात एकच निदान होतं: औषधाची अ‍ॅलर्जी आली. पशुवैद्याला फोनवरही तेवढंच सांगितलं जातं. पण ही तीन लक्षणं बहुतेक वेळा तीन वेगळ्या कारणांनी येतात आणि त्यांतल्या एकाच कारणाला अ‍ॅलर्जी म्हणता येतं. बाकीच्यांवर अ‍ॅलर्जीचं औषध चालत नाही, उलट त्यात मोलाचा वेळ जातो. म्हणून हा फरक कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकानं समजून घ्यायला हवा असं मला कळकळीनं वाटतं.

आधी खरी अ‍ॅलर्जी. शरीराच्या संरक्षण यंत्रणेनं एखादा पदार्थ आधी कधीतरी पाहून त्याला शत्रू ठरवलेलं असतं. तो पुन्हा आला की त्या यंत्रणेतल्या मास्ट पेशी हिस्टामिन नावाचं सूज आणणारं द्रव्य सोडतात. औषध दिल्यापासून काही मिनिटांत ते एक-दोन तासांत डोळ्यांच्या पापण्या आणि ओठ सुजतात, नाकाडं फुगतं, अंगावर गांध्या उठतात. आखूड केसांच्या कुत्र्यात त्या गांध्यांवरचे केस ठिकठिकाणी उभे राहिलेले दिसतात, हात फिरवला तर उंचवटे लागतात. कुत्रा तोंड जमिनीवर घासत राहतो. याचं तीव्र रूप मात्र फसवं असतं. माणसाला अशा वेळी श्वासाचा त्रास आधी होतो, कुत्र्यात पहिला तडाखा यकृत आणि आतड्यांना बसतो. एकाएकी उलट्या, पातळ किंवा रक्ताचे जुलाब, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या आणि गळून पडणं, असं दिसलं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. तिथे अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन आणि सलाइन लागतं. सुदैवानं जंताच्या औषधांनी असं क्वचित होतं. कधी कधी दोषी औषध नसून गोळीला चव यावी म्हणून घातलेलं मांस किंवा सोयाबीन असतं. ज्या कुत्र्याला एखाद्या मांसाची अ‍ॅलर्जी आहे हे ठाऊक आहे, त्याच्या चघळायच्या गोळीचं वेष्टण वाचून बघावं.

गोळीनंतर एखादी उलटी होणं, दिवसभर मलूल राहणं, शी पातळ होणं हे औषध पोटाला न मानवल्याचं लक्षण. शीतून शेवयांसारखे जंत पडले तर ते औषध लागू पडल्याचं चिन्ह आहे, घाबरायचं कारण नाही.

आता झोकांड्या खाणारा कुत्रा. इथे बहुधा आयव्हरमेक्टिन नावाचं जंतनाशक कारण असतं.

जपानमधल्या कावाना इथल्या गोल्फ मैदानाजवळच्या मातीत जपानी संशोधक सातोशी ओमुरा यांना एक जिवाणू सापडला. विल्यम कॅम्पबेल यांच्या चमूनं त्यातून जंत मारणारं द्रव्य वेगळं काढलं. १९८१ मध्ये आयव्हरमेक्टिन जनावरांसाठी बाजारात आलं आणि २०१५ मध्ये या दोघांना नोबेल मिळालं. हे औषध जंतांच्या मज्जातंतूंमधल्या क्लोराइडच्या वाटा उघड्या पाडतं, जंत लुळा पडून मरतो. सस्तन प्राण्यांतही या औषधाला पकडता येतील अशा वाटा आहेत, पण त्या मेंदूत. आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत पी-ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन रखवालदारासारखं उभं असतं, आत शिरू पाहणारं आयव्हरमेक्टिन ते पुन्हा रक्तात ढकलून देतं.

ऐंशीच्या दशकात पशुवैद्यांच्या लक्षात आलं की मेंढ्या राखणाऱ्या कोली जातीचे काही कुत्रे या औषधानं बेशुद्ध पडतात. कारण कळलं ते उंदरांमुळे. नेदरलँड्समध्ये हे प्रथिन बनवणारं जनुक काढून टाकलेले उंदीर प्रयोगशाळेत वाढवले जात होते. त्यांच्या अंगावर माइट नावाचे सूक्ष्म किडे झाले म्हणून आयव्हरमेक्टिन फवारलं, तर तेच उंदीर पटापट मेले आणि साधे उंदीर ठणठणीत राहिले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, जनुक नसलेल्या उंदरांच्या मेंदूत औषधाचं प्रमाण ८७ पट भरलं. २००१ मध्ये अमेरिकेत कॅट्रिना मीली आणि सहकाऱ्यांनी कोली कुत्र्यांत त्याच जनुकातला बिघाड दाखवून दिला. एमडीआर-१ नावाच्या या जनुकात डीएनएची फक्त चार अक्षरं गळालेली असतात. तेवढ्यानं पुढचं सगळं वाचन चुकतं आणि प्रथिन अर्धवटच राहतं. २००४ च्या एका अभ्यासानं हा बिघाड ब्रिटनमधल्या एकाच पूर्वज कुत्र्यापर्यंत नेऊन भिडवला. १८७० च्या दशकात जातींची नोंदणी सुरू झाली, तो त्याच्या आधीचा.

आपल्याकडे कोली फारसे दिसत नाहीत, मग काळजी कशाला? कारण अमेरिकेतल्या तपासण्यांत सुमारे १० टक्के जर्मन शेफर्डमध्ये हा बिघाड सापडतो, आणि जर्मन शेफर्ड, ज्याला आपण अल्सेशियन म्हणत आलो, तो पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत सगळीकडे आहे. बॉर्डर कोली आणि ऑस्ट्रेलियन शेफर्डही आता शहरांत पाळले जातात.

हिशोब करून बघू. हार्टवर्म, म्हणजे हृदयात वाढणारा जंत, होऊ नये म्हणून दर महिन्याला जी मात्रा देतात ती किलोमागे ६ मायक्रोग्रॅम. एवढी बिघाडवाल्या कुत्र्यालाही चालते. खरजेसाठी मात्र किलोमागे ३०० ते ६०० द्यावे लागतात. निरोगी जनुकाचा कुत्रा ते पचवतो, दोन्ही प्रती बिघडलेला कुत्रा साधारण १०० च्या पुढेच कोसळू लागतो. गोठ्यात जी एक टक्क्याची बाटली असते तिच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असतं, गुराच्या ५० किलो वजनाला ते पुरतं. १० किलोच्या कुत्र्याला ‘एक एमएल टोच’ म्हटलं की किलोमागे १००० मायक्रोग्रॅम गेले. कोविडच्या काळात १२ मिलिग्रॅमच्या गोळ्याही घराघरांत आल्या. मे २०२१ मध्ये गोवा सरकारनं तर अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन देण्याचं जाहीर केलं होतं. उरलेली अशी एक गोळी ३० किलोच्या शेफर्डला दिली, तर किलोमागे ४००. शेजाऱ्यांच्या शेफर्डला काही झालं नाही आणि आपला आडवा पडला, याचं कोडं इथे सुटतं. औषध तेच, मात्रा तीच, मेंदूच्या दारावरचं प्रथिन वेगळं.

अशा कुत्र्याच्या बाहुल्या विस्फारतात, लाळ गळते, पाय लटपटतात, काहींना तात्पुरतं आंधळेपण येतं, मग थरथर आणि बेशुद्धी. याला उतारा नाही. सलाइन, कूस बदलत राहणं, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम, गरज पडली तर कृत्रिम श्वास, अशी सेवा काही दिवस, कधी काही आठवडे करावी लागते. ती मिळाली तर बेशुद्ध पडलेले कुत्रेही बरे होतात. नुकतंच औषध दिलेल्या घोड्याची लीद खाऊनही विषबाधा झाल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा तबेला किंवा गोठा असलेल्यांनी औषधानंतर काही दिवस कुत्र्याला शेण-लिदीपासून लांब ठेवावं.

या तिन्हींखेरीज आणखी एक कारण असतं, ते मरणाऱ्या जंतांचं. रक्तात हार्टवर्मची सूक्ष्म पिल्लं फिरत असताना डायइथिलकार्बमाझिन दिलं, तर ती एकदम मरतात, त्यांच्या शरीरातली द्रव्यं रक्तात सांडतात आणि कुत्रा तासाभरात रक्तदाब कोसळून शॉकमध्ये जाऊ शकतो. विदर्भातल्या वाचकांना हे औषध ओळखीचं असेल, हत्तीरोगाच्या मोहिमेत तेच देतात. ज्यांच्या रक्तात जंतू असतात त्यांनाच गोळीनंतर ताप आणि डोकेदुखी जास्त होते, ती याच कारणानं. म्हणूनच कुत्र्याला हार्टवर्मची गोळी सुरू करण्याआधी रक्त तपासतात.

एवढं वाचून जंताचं औषधच बंद करू नका. पिल्लांना गोल जंत आईच्या पोटातच लागतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून औषध द्यावं लागतं, आणि हेच जंत अंगणात खेळणाऱ्या मुलांनाही लागू शकतात. नेहमीच्या गोळ्यांत असणारे पायरँटेल, फेनबेंडाझोल, प्राझिक्वांटेल हे घटक एमडीआर-१ चा बिघाड असलेल्या कुत्र्यालाही चालतात. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून या जनुकाची तपासणी होते. शेफर्ड किंवा कोली वंशाचं पिल्लू असेल तर ती करून घ्यावी.

आणि एक. गोळीनंतर जुलाब लागले की घरातल्या डब्यातलं लोपरामाइड कुत्र्याला दिलं जातं. माणसाचे जुलाब थांबवणारं हे औषध त्याच प्रथिनामुळे मेंदूबाहेर राहतं. जनुक बिघडलेल्या कुत्र्यात तेही आत शिरतं आणि तो पुन्हा तसाच गुंगून पडतो. दवाखान्यात नेताना जंताच्या गोळीच्या वेष्टणाबरोबर हे पाकीटही घेऊन जा, आणि काय, किती, किती वाजता दिलं ते डॉक्टरांना सांगा.