कोणीही न दिलेली नावे: यूट्यूबवरच्या विसरलेल्या घरगुती व्हिडिओंची पार्श्वभूमी

२०२४च्या अखेरीस रायली वॉल्झ या अमेरिकी तरुण प्रोग्रॅमरने ‘आयएमजी ०००१’ नावाचे एक संकेतस्थळ सुरू केले. ते उघडले की यूट्यूबवरचा कोणातरी अनोळखी माणसाचा जुना घरगुती व्हिडिओ सुरू होतो आणि तो संपला की दुसरा. केक कापला जात असतो, कुत्रा सोफ्यावरून उतरायला तयार नसतो, शाळेच्या सभागृहात मागच्या रांगेतून केलेल्या चित्रीकरणात पुढच्यांची डोकीच जास्त दिसतात. बेन वॉलेस या लेखकाने त्याआधी अशा व्हिडिओंकडे लक्ष वेधले होते. त्यावरून कल्पना घेऊन वॉल्झने यूट्यूब पिंजून काढले आणि असे सुमारे ५० लाख व्हिडिओ जमवले. त्यांना जोडणारा धागा विषयाचा नाही, भाषेचा नाही, देशाचाही नाही. तो केवळ शीर्षकाचा आहे: ‘आयएमजी’ ही तीन अक्षरे आणि पुढे चार अंक.

हे शीर्षक आले कुठून, याचे उत्तर यूट्यूबच्याही आधीच्या काळात आहे. फोन किंवा कॅमेरा संगणकाला जोडून फोटो काढून घेणाऱ्या प्रत्येकाने ‘डीसीआयएम’ नावाचा फोल्डर पाहिलेला असतो. १९९८ साली जपानी इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने डिजिटल कॅमेऱ्यांसाठी एक प्रमाणक ठरवले; हा फोल्डर त्यातलाच. एका कंपनीच्या कॅमेऱ्यातले कार्ड दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात घातले तरी फोटो सापडावेत, एवढाच त्यामागचा व्यावहारिक हेतू होता. त्यानुसार फायलीचे नाव आठ वर्णांचे ठरले. त्यातले पहिले चार कंपनीच्या मर्जीचे आणि पुढचे चार ०००१ ते ९९९९ या क्रमाचे. कॅननने फोटोंना ‘आयएमजी’ आणि व्हिडिओंना ‘एमव्हीआय’ हे उपसर्ग घेतले (चौथ्या जागी अधोरेषा), निकॉनने ‘डीएससीएन’. ॲपलने आयफोनसाठी हीच पद्धत उचलली आणि फोटो असो वा व्हिडिओ, दोन्हींना ‘आयएमजी’च लावले. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवनंतर आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असल्यामुळे जगभरच्या फायलींना तीच ती नावे मिळत राहिली. ५० लाख व्हिडिओ आणि जेमतेम १० हजार नावे असा हिशेब मांडला, तर एकेका नावाचे सरासरी ५०० व्हिडिओ भरतात.

यूट्यूबचा जन्म २००५च्या फेब्रुवारीतला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका घरगुती मेजवानीचे चित्रीकरण मित्रांना पाठवता येईना, म्हणून ही कल्पना सुचली, अशी कथा चॅड हर्ली आणि स्टीव्ह चेन या दोन संस्थापकांच्या नावाने सांगितली जाते. तिसरे संस्थापक जावेद करीम यांना मात्र ती मान्य नाही. कथा खरी असो वा नसो, अडचण खरी होती. ईमेलला मोठी फाईल जोडता येत नसे, आणि जोडली तरी पलीकडच्या संगणकावर ती उघडेलच याची खात्री नसे. २३ एप्रिल २००५ रोजी चढवलेला पहिला व्हिडिओ करीम यांचाच. सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभे राहून ते सांगतात की या प्राण्यांची सोंड खूप लांब असते, आणि आपले म्हणणे एवढेच आहे असे म्हणून थांबतात. जेमतेम १९ सेकंद. आज त्याला कोट्यवधी प्रेक्षक मिळाले आहेत. पण तो पहिला नसता, तर विस्मृतीत गेलेल्या लाखो व्हिडिओंत त्याला वेगळे ओळखण्यासारखे काहीच नव्हते.

त्या सुरुवातीच्या वर्षांत व्हिडिओ चढवणे हे थोडे कष्टाचे काम होते. कॅमेऱ्यातून केबलने संगणकात घ्यायचा, मग संकेतस्थळावर जाऊन शीर्षक आणि वर्णन भरायचे आणि चढेपर्यंत वाट पाहायची. २००६पासून साध्या खात्यांना १० मिनिटांची मर्यादा आली, ती दूरचित्रवाणीवरचे चोरलेले कार्यक्रम अडवण्यासाठी. घरच्या चित्रीकरणाला तिचा फारसा जाच नव्हता. एवढी उठाठेव करणारा माणूस बहुधा शीर्षकही विचार करून देत असे.

ही उठाठेव संपली १९ जून २००९ रोजी, आयफोन ३जीएस बाजारात आला तेव्हा. व्हिडिओ चित्रित करू शकणारा हा पहिला आयफोन. चित्र ६४० बाय ४८० पिक्सेलचे, म्हणजे आजच्या मानाने अगदीच धूसर; पण चित्रीकरण झाल्या झाल्या तिथल्या तिथे ते यूट्यूबवर पाठवण्याची सोय फोनमध्येच होती. त्याच आठवड्यात यूट्यूबने जाहीर केले की आधीच्या सहा महिन्यांत मोबाइलवरून चढणारे व्हिडिओ १७०० टक्क्यांनी वाढले होते आणि नवा आयफोन आल्यापासून रोजची वाढ ४०० टक्क्यांची होती. एरवी अशा जाहिरातवजा आकड्यांवर मी फारसा विसंबत नाही, पण या बाबतीत ५० लाख निनावी व्हिडिओ साक्षीला आहेत. मुलीच्या वाढदिवसाचे चित्रीकरण आजीला पाठवायचे असेल, तर ते यूट्यूबवर चढवून दुवा कळवणे हाच तेव्हा सोपा मार्ग होता. आजीला शीर्षकाची गरज नव्हती, म्हणून कोणी ते बदलले नाही. हे व्हिडिओ जगाला दाखवण्यासाठी नव्हतेच. ती चार माणसांसाठीची टपाल होती आणि पेटी तेवढी सार्वजनिक होती. म्हणून अशा व्हिडिओंना ‘कोणी न पाहिलेले’ म्हटले जाते, तेव्हा त्या शब्दांत जो अपयशाचा सूर लागतो, तो मला अस्थानी वाटतो. ज्यांनी पाहायचे होते, त्यांनी ते पाहिले होते.

हा काळ थोडाच टिकला. यूट्यूबचे ॲप फोनमध्ये आधीपासून घालून देण्याचा ॲपलचा परवाना संपला आणि २०१२च्या सप्टेंबरमधील आयओएस ६ या आयफोनच्या नव्या कार्यप्रणालीतून ते ॲप गेले. दरम्यान खाजगी गटांत व्हिडिओ पाठवण्याच्या सोयी वाढल्या, आणि घरगुती चित्रीकरणाला सार्वजनिक पेटीची गरज उरली नाही.

असे व्हिडिओ हुडकणारा वॉल्झ पहिला नव्हे. ‘ॲस्ट्रोनॉट’ नावाचे संकेतस्थळ त्याच्या कितीतरी आधीपासून यंत्राने दिलेल्या नावांचे, जवळजवळ शून्य प्रेक्षकांचे ताजे व्हिडिओ काही काही सेकंद दाखवत पुढे सरकते. पण हा सगळा साठा केवढा आहे, याचा अंदाज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या ईथन झुकरमन, रायन मॅकग्रेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३मध्ये मांडला. यूट्यूबच्या प्रत्येक व्हिडिओच्या पत्त्यात ११ वर्णांचा एक संकेत असतो, आणि शक्य संकेतांची संख्या २चा ६४वा घात इतकी प्रचंड असते. टेलिफोन पाहणीत मनाला येईल तो क्रमांक फिरवावा, तसे या संशोधकांनी संगणकाकरवी यादृच्छिक संकेत फिरवून पाहिले आणि जे लागले त्यांची नोंद केली. त्यांच्या नमुन्यातल्या व्हिडिओंची मध्यक प्रेक्षकसंख्या ३९ निघाली; निम्म्या व्हिडिओंना तेवढे किंवा त्याहून कमी प्रेक्षक होते. म्हणजे यूट्यूब म्हणून आपण जे ओळखतो, ती गाणी, बातम्या आणि पाककृती हा त्याचा वरवरचा पातळ थर आहे. खाली बहुतांश साठा जवळपास प्रेक्षकांविना पडून आहे.

तो टिकला, हेही गृहीत धरण्यासारखे नव्हते. लोकांची घरगुती संकेतस्थळे फुकट ठेवून घेणारे जिओसिटीज २००९मध्ये बंद झाले. गूगलने २०११च्या एप्रिलमध्ये आपली जुनी ‘गूगल व्हिडिओ’ ही सेवा दोन आठवड्यांत थांबवण्याचे जाहीर केले, तेव्हा बंद पडणारी संकेतस्थळे जतन करणाऱ्या ‘आर्काइव्ह टीम’ या गटाच्या स्वयंसेवकांनी मिळेल तेवढे उतरवून घ्यायला सुरुवात केली. ओरड झाल्यावर गूगलने निर्णय मागे घेतला. मायस्पेस या जुन्या समाजमाध्यमाने तर २०१९मध्ये कबूल केले की सर्व्हर हलवताना २०१५पर्यंत चढवलेले साहित्य हातचे गेले.

आपल्याकडे हा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. आयफोन ३जीएस भारतात आला तो २०१०च्या मार्चमध्ये, आणि फार थोड्यांच्या हाती. घरोघरचे व्हिडिओ नोकियासारख्या फोनवरचे, थ्रीजीपी स्वरूपातले, ब्लूटूथने किंवा मेमरी कार्डाने एका फोनमधून दुसऱ्यात गेलेले. कार्ड खराब झाले की तेही गेले. पुढे व्हॉट्सॲप आले आणि त्यासोबत नाव देण्याची नवी पद्धत आली. अँड्रॉइड फोनवर ‘व्हीआयडी’, मग वर्ष-महिना-दिवस, मग ‘डब्ल्यूए’ आणि एक क्रमांक. या नावात निदान तारीख तरी असते. ‘२०१६०९०५’ असे दिसले, तर तो २०१६च्या गणेश चतुर्थीचा दिवस, आणि जिओची सेवा सर्वांसाठी खुली झाली तोही नेमका तोच दिवस. त्यानंतर स्वस्त डेटामुळे आरत्यांचे आणि मिरवणुकांचे व्हिडिओ गटागटांतून वाहू लागले. त्यातले काही त्याच नावाने यूट्यूबवर चढलेले आहेत. बाकीचे जागा भरली की फोनमधून पुसले जातात.

हे व्हिडिओ आज कोणीही पाहू शकतो, याची त्यातल्या माणसांना कल्पना असेलच असे नाही. तेव्हाची तान्ही मुले आता शाळा-कॉलेजात असतील, आणि आपल्या अंघोळीचे चित्रीकरण खुले राहावे का, हे त्यांना कोणी विचारलेले नाही. ज्याने ते चढवले, त्याच्याकडे त्या खात्याचा पासवर्ड नसेल, तर त्यालाही ते काढता येत नाही. २०२३च्या मे महिन्यात गूगलने दोन वर्षे न वापरलेली खाती पुसण्याचे धोरण जाहीर केले आणि डिसेंबरपासून ते अमलात आणायला सुरुवात केली. मात्र ज्या खात्यांवर यूट्यूब व्हिडिओ आहेत, ती पुसण्याचा सध्या विचार नाही, असेही सांगितले.