१ नोव्हेंबरच्या मागे धावणारी परीक्षा

अमेरिकेतल्या बऱ्याच नामवंत विद्यापीठांची ‘अर्ली’, म्हणजे नेहमीच्या फेरीआधी करायच्या, अर्जांची मुदत १ नोव्हेंबरला संपते. एसएटी ही तिथल्या पदवी प्रवेशासाठीची परीक्षा मेमध्ये द्यावी, ऑगस्टमध्ये की ऑक्टोबरमध्ये, हा हिशेब पुण्या-ठाण्यातल्या काही घरांतही आता मुलगा अकरावीत असतानाच मांडला जातो. पण ही घाई परीक्षेने आणलेली नाही, कॉलेजांनी आणली. परीक्षेचे वेळापत्रक मागाहून आले, आणि तेही बऱ्याच सावकाशीने.

सुरुवातीचा क्रम आपल्या ओळखीचा होता. पुढे एसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेच्या पहिल्या प्रवेशपरीक्षा १९०१ च्या जूनमध्ये झाल्या. लांबलचक लेखी उत्तरांच्या त्या परीक्षा. २३ जून १९२६ रोजी सुमारे आठ हजार मुलांनी पहिली एसएटी दिली, तोही जूनच. शाळा संपली की परीक्षा, उन्हाळ्यात निकाल, मग कॉलेज.

याला पहिला तडा शिष्यवृत्त्यांनी दिला. १९३४ पासून हार्वर्डने शिष्यवृत्तीची मुले निवडायला एसएटी वापरली. पैसे मिळणार की नाही, हे अशा मुलांना लवकर कळणे भाग होते. त्यामुळे १९३७ पासून एका दिवसात उरकणाऱ्या परीक्षा एप्रिलमध्ये होऊ लागल्या. पुढे पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याने अमेरिका महायुद्धात उतरल्यानंतर हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनने बारमाही वर्ग सुरू करायचे ठरवले. जूनच्या परीक्षेला त्यात जागाच उरली नाही. १९४२ नंतर त्या जुन्या लेखी परीक्षा बंद झाल्या आणि एसएटी मुख्य परीक्षा बनली.

युद्धानंतर अर्ज वाढले. एकेक विद्यार्थी अनेक ठिकाणी अर्ज करू लागला, त्यामुळे प्रवेश दिलेल्यांपैकी नक्की येणार कोण, हे कॉलेजांना कळेना. यातून १९५० च्या दशकात ‘अर्ली डिसिजन’ रुजली: लवकर अर्ज करा, लवकर उत्तर घ्या, पण प्रवेश मिळाला तर यावेच लागेल. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनने १९७० च्या दशकात बंधन नसलेली ‘अर्ली ॲक्शन’ आणली. १९८३ पासून यूएस न्यूज या नियतकालिकाची कॉलेजांची क्रमवारी निघू लागली आणि प्रवेश दिलेल्यांपैकी किती जण येतात, हा आकडा पुढे प्रतिष्ठेचा झाला. १९९० च्या दशकाच्या मध्यात येल आणि प्रिन्स्टन बंधनाच्या पद्धतीकडे वळले. श्रीमंत, जाणकार घरांतल्या मुलांनाच याचा फायदा होतो, ही टीका इतकी वाढली की २००६ मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने लवकर प्रवेश बंद करत असल्याचे जाहीर केले. बाकीच्यांपैकी फार थोड्यांनी अनुकरण केले. २०११ मध्ये दोघांनीही पाऊल मागे घेतले. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग हाच.

इतके होऊनही अमेरिकेत शरद ऋतूतली पहिली एसएटी ऑक्टोबरमध्येच व्हायची. कागदी परीक्षेचा निकाल यायला दोन-तीन आठवडे लागत, म्हणजे निकाल आणि मुदत जवळपास एकदमच दारात. दुसरी संधी हवी असलेल्यांची पंचाईत व्हायची. २०१७ मध्ये कॉलेज बोर्डाने अखेर ऑगस्टची तारीख दिली, पण फक्त अमेरिकेत. त्याच शैक्षणिक वर्षात पेपरफुटीच्या प्रकारांमुळे परदेशातल्या तारखा सहावरून चारवर आल्या: ऑक्टोबर, डिसेंबर, मार्च, मे. अमेरिकेतल्या मुलांना सवड मिळाली आणि मुंबईच्या मुलाला ऑक्टोबर चुकला तर अर्लीपुरता खेळ संपला, अशी ती विचित्र स्थिती.

२०२० मध्ये कोविडने परीक्षा रद्द झाल्या आणि बहुतेक कॉलेजांनी गुणांची सक्ती उठवली. एमआयटीने ती २०२२ मध्ये परत आणली, डार्टमथ आणि हार्वर्डने २०२४ मध्ये तशी घोषणा केली. त्याच सुमारास, २०२३ च्या मार्चपासून, परदेशात एसएटी संगणकावर आली. आता ऑगस्टची तारीख भारतातही मिळते. निकालही साधारण दोन आठवड्यांत लागतो.

तरी बारावीचा अभ्यास, जेईई आणि अर्जाचे निबंध एकाच वेळी अंगावर येतात, म्हणून जाणकार अकरावीनंतरची मे किंवा जूनची तारीख पहिली धरतात, ऑगस्ट दुसरी, ऑक्टोबर नाइलाजाची. काही विद्यापीठे अर्लीसाठी नोव्हेंबरचे गुणही घेतात. नियम प्रत्येकाचा वेगळा आहे, तो त्या-त्या विद्यापीठाच्या प्रवेश विभागाच्या सूचनांत पाहूनच तारीख ठरवावी लागते.