डुकराच्या फासात हरीण सापडत नाही, हा समज चुकीचा आहे

शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रानडुकराच्या उंचीला बांधलेल्या तारेच्या फासात हरीण सापडत नाही, कारण ते कुंपणावरून उडी मारून जाते, असे विदर्भातील जंगलालगतच्या गावांमधून वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते खरे नाही. चितळ उडी मारू शकते, पण घाबरलेले नसेल तेव्हा ते डुकरांनीच पाडलेल्या कुंपणाखालच्या वाटेतून मान खाली घालून शिरते, आणि चरताना तर त्याचे तोंड जमिनीलगतच असते. क्लच वायरचा सरकफास ओढ बसेल तसा आवळत जातो. खुराच्या वर अडकलेली तार धडपडीत कातडी कापून आत रुतते. अमेरिकेतील काही राज्यांत, जिथे फास कायदेशीर आहेत, तार ठरावीक मापापुढे आवळू नये म्हणून तिच्यावर अडसर बसवतात, म्हणजे हरणाचा पाय निसटू शकतो. नुसत्या उंचीवर तिथेही विसंबत नाहीत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्यप्राण्याला फासात पकडणे, किंवा तसा प्रयत्न करणेही, शिकारच ठरते. पिकाचे नुकसान सोसणाऱ्या शेतकऱ्याचा संताप मला कळतो, परंतु त्यासाठी पंचनामा करून वन विभागाकडे भरपाई मागता येते. फासात जिवंत हरीण दिसल्यास जवळ गर्दी न करता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, कारण माणसे पाहून ते अधिकच झटके देते आणि तार आणखी रुतते.