औषध-चाळणी, कृमिविरोधी

अन्य रोगांसाठी मान्य झालेल्या औषधांतून कृमींवर गुणकारी ठरणारी निवडून काढण्याची पद्धत. अशा औषधांची मात्रा व विषाक्तता आधीच ठाऊक असते. जंतांचे बहुसंख्य रुग्ण गरीब असल्याने अगदी नव्या औषधावर पैसा ओतणारे थोडेच. शाळांतून दिली जाणारी अल्बेंडाझोलची ४०० मिग्रॅ.ची गोळीही चाबूककृमीवर एका मात्रेत फारशी चालत नाही.

संज्ञेच्या व्याप्तीविषयी एकमत नाही. १९८१ च्या सुमारास गुराढोरांसाठी आलेले आयव्हरमेक्टिन १९८७ मध्ये माणसांतील नदी-अंधत्वासाठी (कृमींमुळे दृष्टी घालवणारा रोग) मान्य झाले. काही जण हेच प्रमुख उदाहरण मानतात. मात्र ते मुळात कृमिनाशकच होते, बदलला तो यजमान, म्हणजे कृमी ज्याच्या शरीरात राहतो तो प्राणी. संज्ञा संकुचित अर्थाने घेणे अधिक सयुक्तिक दिसते. त्या अर्थी डॉक्सिसायक्लीन हे चांगले उदाहरण होय. हे प्रतिजैविक हत्तीरोगाच्या कृमीवर थेट घाव घालत नाही; कृमीच्या अंगात वसणारे वोल्बाकिया जीवाणू मारते, आणि त्यांच्याविना मादी वांझ होते. परंतु चार ते सहा आठवडे रोज घ्यावे लागत असल्याने ते घरोघर वाटण्याजोगे नाही.

चाळणीत काचपात्रातील अळ्यांवर औषध सोडून त्यांची वळवळ मोजतात. गोम येथेच आहे. गोव्याच्या तेव्हाच्या दोन्ही जिल्ह्यांत हत्तीरोगाविरुद्ध वाटलेले डायएथिलकार्बामाझिन, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘डीईसी’, या कसोटीत नापासच झाले असते. रक्तात आढळणाऱ्या प्रमाणात ते काचपात्रातील सूक्ष्मकृमींना (हत्तीरोगाच्या कृमींची रक्तात फिरणारी पिल्ले) जवळजवळ धक्का लावत नाही. शरीरात मात्र सूक्ष्मकृमी रक्तातून झपाट्याने नाहीसे होतात. या परिणामाला यजमानाच्या प्रतिकारशक्तीचे साहाय्य लागते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे प्रयोग कापूस-उंदीर व कुत्र्यांवर झाले होते, म्हणूनच ते हाती लागले. आयव्हरमेक्टिनही कृमिग्रस्त उंदरांवरील चाचणीतूनच मिळाले.

वावडिंगासारख्या घरगुती जंतनाशकांची परीक्षा येथे अभिप्रेत नाही.

उलट दिशेचा प्रयोग गोव्यात झाला. १० मे २०२१ रोजी राज्य शासनाने १८ वर्षांवरील सर्वांना कोविड-प्रतिबंधासाठी रोज १२ मिग्रॅ. आयव्हरमेक्टिन पाच दिवस देण्याचे जाहीर केले. जागतिक आरोग्य संघटनेने त्याआधीच, मार्चमध्ये, कोविड-उपचारासाठी ते चिकित्सालयीन चाचण्यांपुरतेच वापरावे असे म्हटले होते. काचपात्रात विषाणूला रोखणारे त्याचे प्रमाण नेहमीच्या मात्रेने रक्तात येणाऱ्या प्रमाणाच्या कितीतरी पट होते.