रडारला ढग नडत नाहीत, दमटपणा नडतो

पावसाळ्यात पूर आला की उपग्रहांचे साधे फोटो कुचकामी ठरतात. जिकडे तिकडे ढगच. अशा वेळी रडार कामी येते, कारण काही सेंटिमीटर लांबीच्या त्याच्या लहरींना ढगातले बारीक थेंब जवळजवळ जाणवतच नाहीत. म्हणून 'रडारला हवेची पर्वा नाही' असे सर्रास लिहिले जाते. पुराचे पाणी कुठवर आले एवढेच बघायचे असेल तर ठीक. पण जमीन किती सेंटिमीटर खचली असे विचारले, की हवेशी गाठ पडते.

अशी मोजणी करताना उपग्रह त्याच वाटेने पुन्हा येतो आणि दोन्ही वेळी परतलेल्या लहरी ताडून पाहिल्या जातात. युरोपच्या सेंटिनेल-1 ची लहर सुमारे 5.5 सेंमीची. जमीन उपग्रहापासून 2.8 सेंमी लांब सरकली, की जाऊन-येऊन एक अख्खी लहर वाढते आणि चित्रात रंगांचा एक पट्टा पुरा होतो.

गोम अशी, की हवेत लहर किंचित मंदावते आणि तो उशीर रडारच्या हिशेबात अंतर म्हणून धरला जातो. समुद्रसपाटीला कोरड्या हवेपायी सरळ उभ्या वाटेत तब्बल 2.3 मीटरची भर पडते! पण ती दोन्ही दिवशी जवळपास सारखीच, त्यामुळे वजाबाकीत निघून जाते. बाष्पाची भर फार तर 30-40 सेंमी, पण बेभरवशाची: सकाळी एक, दुपारी दुसरी, या खोऱ्यात एक, पलीकडच्या खोऱ्यात भलतीच. सापेक्ष आर्द्रता 20 टक्क्यांनी बदलली तर 10 सेंमीची चूक होऊ शकते, असे संशोधक हॉवर्ड झेबकर आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये दाखवले.

सिसिलीतला एटना याचा नमुना. 1991-93 च्या उद्रेकाच्या काळातल्या रडारचित्रांत या ज्वालामुखीभोवती रंगीत कडी दिसली, आणि डोंगर बसतोय असा निष्कर्ष 1995 मध्ये छापून आला. पुढे लक्षात आले, की पायथ्यावर शिखरापेक्षा तीनेक किलोमीटर जास्त हवा असते. दुसऱ्या फेरीला हवा कोरडी असली, तर पायथ्याचा उशीर शिखरापेक्षा जास्त घटतो, आणि जागच्या जागी असलेले शिखर खचल्यासारखे दिसते. नुसत्या हवेने दोन-तीन पट्टे उमटू शकतात! डोंगर काही बसला नव्हता असे नाही, पण आकडा मात्र वादात सापडला.

30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या 'निसार' या भारत-अमेरिकेच्या रडार उपग्रहाची एक लहर 24 सेंमीची आहे. झाडीतून ती बरीच खोल शिरते, पण वर आयनांबराशी, म्हणजे विद्युतभारित कणांच्या उंचावरच्या थराशी, तिची गाठ असते. तिथला परिणाम लहरीच्या लांबीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सेंटिनेलच्या अठरा-एकोणीस पट. त्यात भारत चुंबकीय विषुववृत्ताजवळ, जिथे आयनांबर खवळलेले. सुदैवाने हा परिणाम वारंवारतेगणिक बदलतो, त्यामुळे वेगळा काढता येतो. बाष्प मात्र या सगळ्या वारंवारतांना सारखाच उशीर लावते, म्हणून तिथे ही युक्ती चालत नाही. मग जीपीएसची आणि हवामान-प्रारूपांची मदत घ्यायची, नाहीतर पुष्कळ चित्रांची सरासरी काढायची.

1999 मध्ये संशोधक रामोन हान्सेन आणि सहकाऱ्यांनी हे उलट करून पाहिले. ईआरएस-1 आणि ईआरएस-2 या युरोपच्या रडार उपग्रहांनी एका दिवसाच्या अंतराने नेदरलँड्स टिपले होते. एका दिवसात जमीन कुठे हलणार? चित्रात जे उमटले ते बाष्प, आणि तोच त्यांनी नकाशा म्हणून छापला.