सॉफ्टबॉल पिचिंग : पायांची दुरुस्ती

सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या, म्हणजे पिचरच्या, कंबरेखालच्या हालचालींतले दोष हेरून ते वाढत्या वयातच सुधारण्याची पद्धत. चेंडू हात खाली ठेवून सोडायचा असतो. त्याआधी हात पवनचक्कीच्या पात्यासारखा पूर्ण गोल फिरतो, म्हणून या शैलीला विंडमिल म्हणतात. पाहणाऱ्याची नजर त्या फिरत्या हातावरच खिळते. चेंडू भरकटला की शिकवणाराही मनगट आणि कोपर तपासू लागतो. चूक मात्र बहुधा त्याच्या क्षणभर आधी पायात झालेली असते. जाणत्या प्रशिक्षकाचे पहिले वाक्य म्हणूनच साधारण असे असते : ‘पोरी, बॉल कुठं गेला ते सोड, पाय कुठं पडला ते बघ.’

हा खेळ १८८७ मध्ये शिकागोत एका बंदिस्त सभागृहात सुरू झाला. मराठवाड्यात तो मुख्यतः शाळांच्या मैदानांवर रुजला. राज्यातल्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात आणि छत्रपती संभाजीनगर व लातूर हे त्यांतले दोन विभाग मराठवाड्यातले. इथली बरीच मुले-मुली खो-खो किंवा क्रिकेट खेळून मग सॉफ्टबॉलकडे वळतात. खो-खोने मांड्या तयार झालेल्या असतात, वाकलेल्या गुडघ्यातून जोर काढणे अंगवळणी पडलेले असते. पण पळणाऱ्याला गाठण्यासाठी अंग पुढे झोकून देण्याची सवयही सोबत येते, आणि पिचरला नेमकी तीच नडते.

आंतरराष्ट्रीय सामन्यांत महिलांसाठी पिचर प्लेट (पिचर जिच्यावर पाय ठेवून चेंडू टाकते ती पट्टी) ते होम प्लेट (फलंदाजापुढची पट्टी) हे अंतर ४३ फूट, पुरुषांसाठी ४६ फूट असते. अमेरिकेत १० वर्षांखालील मुलींना ३५ आणि १२ वर्षांखालील मुलींना ४० फुटांवरून टाकू देतात. लहान मुलीला एकदम लांबून टाकायला लावले की अंतर कापण्यासाठी ती खांदा ओढते, कंबरेत वाकते. असे दोष शिकवून येत नाहीत, अंतरापायी येतात. त्यामुळे पहिली दुरुस्ती बरेचदा एवढीच असते : तिला काही पावले जवळ आणा.

पिचर प्लेट २४ इंच रुंद असते आणि पुढचे पाऊल त्या रुंदीच्या आतच पडावे असा नियम आहे. प्लेटच्या मध्यापासून कॅचरपर्यंत, म्हणजे होम प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्यापर्यंत, फक्कीची एक सरळ रेघ मारली की निम्मे निदान तिथेच होते. उजव्या हाताच्या पिचरचा डावा पाय रेघ ओलांडून तिसऱ्या बेसच्या बाजूला, म्हणजे तिच्या उजवीकडे, पडला, तर तिचाच खुबा हाताच्या वाटेत येतो आणि हाताला अंगाला वळसा घालावा लागतो. पहिल्या बेसकडे, म्हणजे डावीकडे, फार गेला, तर अंग आधीच उघडते आणि पायांचा जोर बाजूला वाया जातो. पावलाची दिशाही पाहावी लागते. चवडा थेट कॅचरकडे रोखलेला असेल तर कंबर उघडत नाही. तो साधारण ३० ते ४५ अंश आत वळलेला हवा.

पाऊल पडले की गुडघ्याची परीक्षा. पुढचा पाय हा खरे तर ब्रेक आहे. धावती बैलगाडी अचानक थांबली की वरचे ओझे पुढे फेकले जाते, तसा पाय रोवला गेल्यावर साठलेला वेग कंबरेतून हातात चढतो. गुडघा किंचित वाकलेला पण घट्ट असावा. तो खचला की ब्रेकच लागत नाही, पिचर चेंडूच्या मागे धावत सुटते. वेळही महत्त्वाची : डोक्यावर गेलेला हात खाली येऊ लागेपर्यंत पाय टेकलेला पाहिजे. उशीर झाला तर सगळे काम एकट्या खांद्यावर पडते.

मागच्या पायाकडे कोणी फारसे पाहत नाही. त्याने प्लेटवरून ढकलावे आणि मग अंगठ्याची बाजू जमिनीला घासत पुढच्या पायाकडे सरकावे. ढकलल्यानंतर तो मध्येच पुन्हा रोवून दुसऱ्यांदा जोर घेतला, तर त्याला क्रो-हॉप म्हणतात आणि पंच तो पिच अवैध ठरवतात. पोरे हे मुद्दाम करत नाहीत. पहिला धक्काच कमी पडतो म्हणून पाय दुसरा शोधतो. तेव्हा ‘उडी मारू नको’ असे ओरडण्यापेक्षा मागचा गुडघा वाकवून पहिला धक्का वाढवणे बरे. चेंडू सोडताना कंबर दार आपटावे तशी बंद करायची, ही जुनी शिकवण आता मागे पडत आहे. जबरदस्तीने बंद केलेला खुबा हाताला अडवतो. तो थोडा उघडा राहिला तरी चालते.

दुरुस्ती जमिनीपासून वर जाते आणि एका वेळी एकच दोष हाती घ्यायचा असतो. आधी चेंडूशिवाय पाऊल, मग जाळीसमोर जवळून सावकाश, मग पूर्ण अंतर. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये एकदा समोरून, एकदा बाजूने घेतलेले चित्रण मुलीला स्वतःला दाखवले की बोलावे कमी लागते. सुरुवातीला वेग घटतो आणि पालक अस्वस्थ होतात. जिल्हा स्पर्धा तोंडावर असताना हे काम काढूच नये. खालून टाकलेल्या चेंडूने हात दुखत नाही, हा समजही सोडलेला बरा. विंडमिलमध्ये खांद्यावर येणारा ताण वरून फेकणाऱ्याच्या तोडीचा असू शकतो.

इथल्या मैदानांचा दोषांमधला वाटा वेगळा सांगायला हवा. पावसाळ्यात काळी माती बुटाला गोळ्यासारखी चिकटते, तर सुक्या मुरमावर पाऊल सरकते. सरकण्याच्या धास्तीने मुली आखूड पाऊल टाकायला शिकतात. रबरी प्लेटऐवजी ठोकलेली लाकडी फळी हलत असेल तर तिच्यावरून कोणी जोरात ढकलत नाही. आणि पाऊल पडून पडून झालेला खड्डा. तो मोठ्या मुलींच्या पावलाच्या मापाचा असतो. चौदाखालच्या मुलीचा पाय त्याच्या काठावर पडतो आणि घोटा मुरगळतो. सराव संपला की त्यात मुरूम टाकून, पाणी मारून धुम्मस मारली तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जागा पुन्हा घट्ट होते.