'पाण्यात मारू नको' म्हटलं की चेंडू पाण्यातच का जातो?

प्रेरणादायी व्याख्यानांत एक वाक्य हमखास येतं: 'मेंदूला नकार कळत नाही.' उदाहरण बऱ्याचदा गोल्फचं असतं. समोर तळं आहे, खेळाडू स्वतःला बजावतो 'पाण्यात मारू नको', मेंदू त्यातलं फक्त 'पाण्यात मार' ऐकतो आणि चेंडू डुबुक. टाळ्या पडतात. पण हे खरं नाही. मेंदूला नकार कळत नसता तर 'प्रवेश बंद'ची पाटी वाचून सगळ्यांनीच गाड्या आत घातल्या असत्या. काही जण घालतातच, पण ते कळत नाही म्हणून नव्हे.

चेंडू पाण्यात जातो हे मात्र खरं. आणि त्यामागची यंत्रणा या व्याख्यानांपेक्षा कितीतरी रंजक आहे.

फ्लोरिडातल्या टीपीसी सॉग्रास या गोल्फ मैदानाचं सतरावं होल, म्हणजे खेळाचा सतरावा टप्पा, पाहा. टी म्हणजे पहिला फटका मारायची जागा, ग्रीन म्हणजे झेंड्याभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा. टीपासून ग्रीनपर्यंत १३७ यार्ड, म्हणजे जेमतेम १२५ मीटर. मोठ्या स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी हा आखूड, रोजच्या सरावातला फटका. फरक इतकाच की ग्रीनच्या चहूबाजूंनी पाणी आहे आणि तिथे जायला एक अरुंद वाट. मैदानाचे रचनाकार पीट डाय ते बांधत असताना तिथली चांगली वाळू इतर होलांसाठी उपसली गेली आणि मोठा खड्डा उरला. 'मग ग्रीनचं बेटच करू' ही सूचना त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस डाय यांची. मैदान १९८० साली खुलं झालं. हौशी पाहुण्यांचे वर्षाला लाखभर चेंडू त्या पाण्यातून काढले जातात, असं सांगतात. इथेच होणाऱ्या प्लेयर्स चॅम्पियनशिप स्पर्धेत २००७ मध्ये तर चार दिवसांत ९३ चेंडू बुडाले, आणि ते जगातल्या उत्तमोत्तम खेळाडूंचे. आता, सगळंच काही मनावर ढकलू नये. तिथला वारा फसवा आहे. शिवाय ढोबळ हिशेब केला तर ग्रीनच्या मध्यावर धरलेला नेम साधारण साडेपाच अंशांनी चुकला की चेंडू काठाबाहेर. पण हेच १२५ मीटर गवतावरून मारायचे असते तर हौशी खेळाडूने पिशवीतून मुद्दाम जुना, खरचटलेला चेंडू शोधून काढला नसता.

आता मुद्द्याचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटा वाजवा. घंटा वाजत राहिली. त्याहून गंमत पुढे. नंतर जेव्हा 'आता खुशाल विचार करा' म्हटलं, तेव्हा आधी विचार दाबणाऱ्यांना अस्वल जास्त वेळा आठवलं. ज्यांना सुरुवातीपासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षाही जास्त.

१९९४ मध्ये वेग्नरनी याचा सिद्धांत मांडला. एखादी गोष्ट टाळायची तर मन दोन कामं एकदम काढतं. पहिलं काम लक्ष दुसरीकडे वळवण्याचं: ग्रीन बघ, झेंडा बघ, वारा बघ. हे जाणीवपूर्वक चालतं आणि त्याला मेहनत लागते. दुसरं काम पहाऱ्याचं. टाळायची गोष्ट मनात डोकावत नाही ना, हे तपासत राहायचं. ते जवळपास फुकटात, आपोआप चालतं. सोसायटीच्या वॉचमनला 'या माणसाला आत सोडायचं नाही' असं सांगायचं तर त्या माणसाचा फोटो त्याच्या टेबलावर ठेवावाच लागतो, तसं हे. नकार कळतो म्हणूनच फोटो जवळ ठेवावा लागतो.

एरवी दोन्ही कामं जोडीने चालतात आणि आपण पाणी सहज टाळतो. अडचण येते ती डोक्यावर दुसरं ओझं पडल्यावर. गुणफलकाची चिंता, मागे ताटकळणारे लोक, प्रशिक्षकाच्या पाच सूचना. मेहनतीचं काम आधी कोलमडतं. पहारा मात्र चालूच राहतो, कारण त्याला मेहनत लागतच नाही. मग मनात सगळ्यात ठळक उरतं ते पाण्याचं चित्र. म्हणजे उलटा परिणाम नकारामुळे होत नाही, नकार अधिक ओझं यांच्या बेरजेतून होतो. व्याख्यानांतून नेमका हा दुसरा भाग गळतो.

१९९८ मध्ये वेग्नर आणि सहकाऱ्यांनी हे थेट गोल्फच्या पटिंगवर, म्हणजे ग्रीनवर चेंडू हलकेच घरंगळवण्याच्या फटक्यावर, तपासलं. सूचना होती: चेंडू खुणेच्या पुढे जाऊ देऊ नका. ज्यांना त्याच वेळी एक लांबलचक आकडा लक्षात ठेवायला लावला, त्यांचे चेंडू नेमके पुढे गेले. त्याच शोधनिबंधात लोलकाचा प्रयोगही आहे. दोऱ्याला बांधलेलं वजन हातात धरा आणि अमुक दिशेला झुलू देऊ नका. मनावर किंवा शरीरावर ओझं टाकलं की लोलक त्याच मनाई केलेल्या दिशेला जास्त झुलायचा. हात हलवतोय असं माणसाला वाटत नसतं, पण कल्पनेतली हालचाल बारीक प्रमाणात स्नायूंत उतरते. विल्यम कार्पेंटर या डॉक्टरने १८५२ मध्येच याला 'आयडिओमोटर' क्रिया म्हटलं होतं.

इथे पाणाड्यांची आठवण येणारच. तळहातावरचा नारळ उभा राहिला किंवा बेचक्याची काठी वळली की 'इथे बोअर घ्या'. सगळे पाणाडे लबाड नसतात. आपलाच हात हलतोय हे त्यांना खरोखर जाणवत नाही. पण खडकाच्या भेगेत पाणी आहे की नाही, हे त्या हाताला कुठून कळणार? बोअर कोरडी गेली की पैसे शेतकऱ्याचे जातात.

परत टीवर. घाबरलेल्या खेळाडूच्या बाबतीत घडतं ते असं: पकड घट्ट होते, मनगटं अडतात, चेंडू पाण्यावरून 'उचलायच्या' नादात वजन मागच्या पायावर राहतं. चेंडू वर चढवण्याचं काम क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, तिरक्या पात्याचं, ते खेळाडू स्वतःकडे घेतो. क्लब आधी जमिनीत घुसतो किंवा चेंडूच्या वरच्या अंगाला लागतो, आणि चेंडू सरपटत तळ्यात. नजरेचं तर विचारू नका, ती फटक्याआधीच पलीकडे पोचलेली असते. खेळाडूंच्या नजरेचा अभ्यास करणाऱ्या संशोधक जोन विकर्स यांच्या अभ्यासात तरबेज खेळाडू पट मारताना चेंडूवर दोन-तीन सेकंद नजर स्थिर ठेवतात असं दिसलं. नवख्यांची त्याआधीच भिरभिरते.

मात्र एकेका फटक्यावरून कोणाच्या मनाची पारख करू नये. याच सतराव्यावर २००८ मध्ये बरोबरी फोडण्यासाठीच्या प्लेऑफमध्ये पॉल गोयडोसचा चेंडू पाण्यात गेला आणि सर्जिओ गार्सिया जिंकला. २०१३ मध्ये टायगर वुड्सशी बरोबरीत असताना गार्सियाने तिथेच दोन चेंडू बुडवले. पाच वर्षांत माणूस 'खंबीर'चा 'कमकुवत' होत नाही. निकाल लागल्यावर अशा गोष्टी रचणं सोपं असतं, एवढंच.

वेग्नरचा सिद्धांतही सगळीकडे लागू पडतो असं नाही. नंतरच्या काही पटिंग प्रयोगांत 'चेंडू कमी पडू देऊ नका' असं सांगितल्यावर लोकांनी गरजेपेक्षा जोरात मारला. मनाई केलेली चूक टळली, पण विरुद्ध बाजूची झाली. तळं फक्त समोर असेल तर हे परवडतं. चेंडू ग्रीन ओलांडून गवतात जातो, फार तर एक फटका वाढतो. सॉग्रासच्या सतराव्यावर मात्र ग्रीनमागेही पाणीच आहे.